मिकी आपल्या टेबलाशी येतो तेव्हा: ऑर्लँडोच्या डिस्नीत कॅरेक्टर डायनिंग कसं निवडायचं

मुलांच्या शाळा सुटतात, भारतातून आजी-आजोबा येतात आणि अमेरिकेतल्या मराठी घरांत ऑर्लँडोचा विषय निघतो. विमान ठरतं, हॉटेल ठरतं, पार्कची तिकिटं होतात. मग ऑफिसमधलं किंवा मंडळातलं कुणीतरी विचारतं, "कॅरेक्टर डायनिंग बुक केलंत ना? अहो, दोन महिने आधी करावं लागतं!" म्हणजे मिकी-मंडळी टेबलाशी भेटायला येतात असं जेवण. इथून पुढे घरात प्रत्येकाचं वेगळं सुरू होतं. लेकीला 'फ्रोझन'मधली एल्सा हवी असते. सासूबाईंना अंड्याशिवाय काय मिळतं ते हवं असतं. नवऱ्याने तेवढ्यात दरपत्रक उघडलेलं असतं.

मी या प्रकरणातून तीनदा गेले आहे. एकदा चुकीच्या क्रमाने, दोनदा बऱ्यापैकी. आता जो क्रम सांगते आहे तो त्यातूनच आला आहे. बहुतेक लोक आधी रेस्टॉरंटचं नाव ऐकतात, मग ते मिळवायला धावतात आणि आपल्या मुलाला ते आवडेल का हा विचार शेवटी करतात. मुलापासून सुरुवात केली तर निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

पैसे नेमके कशाचे?

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा: हे पैसे जेवणाचे नाहीत. जेवण ठीक असतं, काही ठिकाणी छान असतं, पण तेवढ्या पैशांत बाहेर याहून चांगलं जेवता येतं. पार्कात कॅरेक्टरला भेटायचेही वेगळे पैसे पडत नाहीत. मॅजिक किंगडम पार्कच्या दारातून आत गेलं की उजव्या हाताला टाउन स्क्वेअर थिएटर आहे, तिथे मिकी भेटतो. पण रांग लावावी लागते. फ्लोरिडाच्या जुलैतल्या उन्हात तीन वर्षांचं मूल कडेवर, दुसरं पाण्यासाठी रडतंय आणि आजींचे गुडघे बोलायला लागलेत, अशी ती रांग असते. मग मिनीसाठी दुसरी, गूफीसाठी तिसरी.

कॅरेक्टर डायनिंगमध्ये हे उलटं होतं. आपण एसीत बसायचं, खायचं, आणि चार-पाच कॅरेक्टर एकामागून एक आपल्या टेबलाशी येतात, मिठी मारतात, सही देतात, फोटो काढू देतात. साधारण सव्वा तास-दीड तास जातो. म्हणजे आपण वाचलेल्या रांगांचे पैसे मोजतो. हे पटलं तर पुढे वाचा. तुमच्या मुलांना राइड्सचंच वेड असेल आणि कॅरेक्टरकडे ती ढुंकूनही बघत नसतील, तर हे पैसे वाचवा आणि दुपारी हॉटेलच्या पूलमध्ये डुंबू द्या.

पायरी पहिली: मुलाला विचारा, आणि उत्तर तपासून घ्या

"तुला कुणाला भेटायचंय?" एवढाच प्रश्न. तीन नावं लिहून घ्या. मग ती नावं खरंच जेवणाला येतात का ते बघा, कारण नवख्या लोकांची फजिती इथेच होते.

एल्साचंच घ्या. एपकॉट पार्कात नॉर्वेचं दालन आहे, त्यात आकेर्शुस नावाचं राजकन्यांचं रेस्टॉरंट आहे. नॉर्वे आहे, राजकन्या आहेत, म्हणजे एल्सा असणारच असं कुणालाही वाटेल. ती नसते. तिथे बेल, स्नो व्हाइट, ऑरोरा, एरियल अशा राजकन्या आलटून पालटून येतात. एल्सा आणि ॲना त्याच दालनात, काही पावलांवरच्या रॉयल सोमरहूस नावाच्या घरात भेटतात, पण जेवणाला नाही, रांगेत. लेकीला हे आदल्या रात्रीच सांगून ठेवा. टेबलावर कळलं तर जेवण संपेपर्यंत फुरंगटून बसेल.

दुसरी फजिती स्पायडरमॅनची. ऑर्लँडोच्या डिस्नीत तो भेटत नाही. जुन्या करारामुळे तो तिथल्या युनिव्हर्सलच्या पार्कात असतो. भाच्याने फक्त स्पायडरमॅनचं नाव घेतलं असेल तर डिस्नीच्या जेवणावर त्याच्या नावाने खर्च करू नका.

तिसरी 'बी अवर गेस्ट'ची. मॅजिक किंगडममधलं हे रेस्टॉरंट २०१२ मध्ये सुरू झालं, 'ब्यूटी अँड द बीस्ट'मधल्या बीस्टच्या किल्ल्यासारखं सजवलेलं आहे आणि सुंदर आहे. बीस्ट दालनातून रुबाबात फेरी मारतो, पण टेबलाटेबलाशी थांबून गप्पा-मिठ्या असा प्रकार तिथे नाही. बघायला जा, भेटायला म्हणून जाऊ नका.

पायरी दुसरी: बोलणारे की न बोलणारे?

कॅरेक्टर दोन जातींचे. मिकी, गूफी, डोनाल्ड, पू, टिगर हे पूर्ण वेषातले, मोठ्या डोक्यांचे. ते बोलत नाहीत, सगळं हातवाऱ्यांनी. राजकन्या, अलादीन, मिराबेल यांचे चेहरे उघडे असतात आणि ते भरपूर बोलतात.

आपल्याकडच्या कुटुंबांसाठी हा फरक महत्त्वाचा आहे. नाशिकहून आलेली सहा वर्षांची पुतणी घरी मराठीत बोलत असेल, तर सिंड्रेलाने मान तिरपी करून इंग्रजीत तीन प्रश्न विचारल्यावर ती आईच्या ओढणीत तोंड लपवते. गूफीला मराठी येत नाही, पण तो इंग्रजीही बोलत नाही. तो तिच्या ताटातल्या बटाट्याकडे बघून पोट चोळतो आणि दोघांची गट्टी जमते. आजी-आजोबांचंही तेच. माझ्या सासऱ्यांनी प्लुटोच्या डोक्यावर हात ठेवून "शहाणा आहेस" म्हटलं, प्लुटोने मान डोलावली, आणि त्या ट्रिपमधला सगळ्यात चांगला फोटो तोच निघाला.

उलट बाजूही आहे. दीड ते साडेतीन वर्षांची बरीच मुलं वेषातल्या मोठ्या कॅरेक्टरला घाबरतात. पडद्यावर तळहाताएवढा दिसणारा टिगर समोर येतो तेव्हा बाबांपेक्षा उंच असतो. माझा भाचा एका नामांकित ठिकाणी सबंध जेवण टेबलाखाली बसून जेवला. अशा मुलासाठी उघड्या चेहऱ्याचे कॅरेक्टर सोपे जातात. किंवा आधी पार्कात लांबून एखादा कॅरेक्टर दाखवा, हात हलवतो का बघा, आणि मगच टेबल पक्कं समजा.

पायरी तिसरी: कोणत्या दिवशी, किती वाजता

पार्क उघडल्यानंतरचे पहिले दोन तास सोन्याचे असतात. रांगा सगळ्यात लहान तेव्हाच असतात. त्या वेळी पार्कातल्या रेस्टॉरंटमध्ये बसून वॉफल खाणं म्हणजे मुहूर्ताच्या वेळी चहाला बसणं. म्हणून पार्कात ब्रेकफास्ट हवाच असेल तर पार्क उघडायच्या आधीची वेळ मिळते का बघा, नाहीतर साडेदहाची घ्या आणि दुपारचं जेवण त्यातच उरका.

त्याहून बरा उपाय असा: कॅरेक्टर डायनिंग हॉटेलांमध्येही असतं, आणि हॉटेलात जायला पार्कचं तिकीट लागत नाही. पोहोचण्याचा दिवस, विश्रांतीचा दिवस किंवा परतीचा दिवस, यांपैकी एक त्यासाठी ठेवा. पार्कचं महागडं तिकीट फाडून त्यातले दीड तास टेबलावर घालवण्यापेक्षा हे शहाणपणाचं.

थेट भारतातून येणाऱ्यांनी तर पहिल्या तीन दिवसांत रात्रीचं टेबल घेऊच नये. ऑर्लँडोचं घड्याळ भारताच्या मागे: उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास. मुलं पहाटे चारला टक्क जागी आणि संध्याकाळी सातला ताटात डोकं. त्यांच्यासाठी सकाळचं टेबल म्हणजे वरदान. शिवाय ब्रेकफास्ट रात्रीच्या जेवणापेक्षा स्वस्त, आणि कॅरेक्टर तेच.

मात्र "तेच" हे सगळीकडे खरं नाही. पुढच्या तीन ठिकाणी कॅरेक्टर फक्त सकाळी असतात: 'ओहाना, केप मे कॅफे आणि टोपोलिनोज टेरेस. रात्री तिथे नुसतं जेवण. नाव बरोबर, वेळ चुकीची, असं आरक्षण करून बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

पायरी चौथी: जागा निवडा

आता नावांकडे वळू. सगळी सांगत नाही. नवख्यांच्या कामाची तेवढी.

शेफ मिकीज. कंटेम्पररी हॉटेलात, बुफे. मिकी, मिनी, डोनाल्ड, गूफी, प्लुटो, सगळी पंचकडी एका ठिकाणी. डोक्यावरून मोनोरेल जाते, कारण ती या हॉटेलच्या पोटातूनच धावते. मॅजिक किंगडमपासून चालत दहा-पंधरा मिनिटं. गोंगाट भरपूर, मध्येच संगीत सुरू होतं आणि सगळे रुमाल फिरवायला लागतात. लग्नाच्या पंगतीची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना त्याचं काही वाटत नाही. "एकदाच करायचंय, सगळे हवेत" असं असेल तर हेच घ्या.

टोपोलिनोज टेरेस. रिव्हिएरा हॉटेलच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. माझी पहिली पसंती. मिकी चित्रकार, मिनी कवयित्री, डोनाल्ड शिल्पकार आणि डेझी नर्तकी, असे खास वेष. बुफे नाही, प्रत्येकाने आपली डिश मागवायची, त्यामुळे शाकाहारी माणसाला काय येणार ते आधीच माहीत असतं. शांतता आहे, खिडक्या मोठ्या आहेत, आजी-आजोबांना उठून ताट घेऊन हिंडावं लागत नाही. स्कायलायनर नावाच्या रोपवेने एपकॉट आणि हॉलीवूड स्टुडिओज या पार्कांशी जोडलेलं आहे. टेबल मिळणं मात्र अवघड.

क्रिस्टल पॅलेस. मॅजिक किंगडमच्या आत, काचेच्या छताचा बुफे. पू, पिगलेट, टिगर आणि ईओर. दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी. बारा वर्षांच्या मुलाला नेलंत तर तो ईओरपेक्षा उदास चेहरा करून बसेल.

सिंड्रेलाज रॉयल टेबल. १८९ फूट उंच किल्ल्याच्या आत जेवण! कल्पनेनेच मुली उड्या मारतात. सगळ्यात महागांपैकी एक, आणि पूर्ण पैसे बुकिंगच्या वेळीच भरावे लागतात. सिंड्रेलासोबत इतर राजकन्या येतात, पण अमुक राजकन्या येईलच असा शब्द कुणी देत नाही. लेक खरोखर सिंड्रेलावेडी असेल आणि किल्ल्याच्या आत शिरणं हेच तिचं स्वप्न असेल तर घ्या. नुसत्या राजकन्या हव्या असतील तर आकेर्शुस तेच काम कमी पैशांत करतं.

१९०० पार्क फेअर. ग्रँड फ्लोरिडियन हॉटेलात, बुफे, २०२४च्या एप्रिलमध्ये नव्या रूपात पुन्हा उघडलं. सिंड्रेला, टियाना, अलादीन आणि मिराबेल. एका घरात मुलगा आणि मुलगी असतील आणि मुलगा "राजकन्या नकोत" म्हणत असेल, तर अलादीनमुळे तह होतो.

गार्डन ग्रिल. एपकॉटमध्ये, लँड नावाच्या दालनात. जेवताना अख्खं रेस्टॉरंट सावकाश गोल फिरतं आणि खाली बोटीच्या राइडमधले देखावे दिसतात. चिप आणि डेल, शेतकरी वेषातला मिकी आणि प्लुटो येतात. जेवण ताटांत टेबलावर येतं, हवं तेवढं पुन्हा मागता येतं. त्याच दालनातल्या हरितगृहांत पिकलेला भाजीपालाही या स्वयंपाकघरात वापरतात. शेती केलेल्या आजोबांना जेवणानंतर ती बोटीची राइड जरूर दाखवा. आमचे आजोबा टोमॅटोच्या मांडवावर आल्यावर बोट थांबवा म्हणत होते. जागा लहान, म्हणून कॅरेक्टर पुन्हा पुन्हा फेरी मारतात. या ठिकाणाचं नाव फारसं कुणी घेत नाही, ते मला कधीच समजलेलं नाही.

टस्कर हाउस. अ‍ॅनिमल किंगडम पार्कमध्ये, आफ्रिकी गावाच्या सजावटीत. डोनाल्ड, डेझी, मिकी आणि गूफी सफारीच्या कपड्यांत. बुफेतल्या मसाल्यांमुळे आपल्या जिभेला सगळ्यात जवळचं. चौथ्या दिवशी ब्रेड-चीजला कंटाळलेल्या कुटुंबासाठी उत्तम.

'ओहाना. पॉलिनेशियन हॉटेलात, सकाळी. लिलो आणि स्टिच इथे असतात, सोबत मिकी आणि प्लुटो. स्टिचचं वेड असलेल्या मुलांना दुसरीकडे नेऊ नका. केप मे कॅफे बीच क्लब हॉटेलात, एपकॉटच्या मागच्या दारापासून चालत. सकाळी मिनी आणि मित्रमंडळ. तुलनेने मिळायला सोपं.

स्टोरी बुक डायनिंग. वाइल्डरनेस लॉज हॉटेलात, फक्त रात्री. स्नो व्हाइट, डोपी, ग्रंपी आणि चक्क दुष्ट राणी. टेबलाटेबलाशी फिरणं तिच्या तोऱ्यात बसत नाही, आपण तिच्यासमोर हजर व्हायचं. आठ-दहा वर्षांच्या, थोड्या आगाऊ मुलांना ही राणी सगळ्या राजकन्यांपेक्षा आवडते. पेला-चमचे नीट मांडलेलं, निवांत जेवण आहे. दोन वर्षांच्या मुलाला घेऊन जाऊ नका.

हॉटेलांत पोहोचायचं कसं, हेही बघून ठेवा. डिस्नीच्या बसेस हॉटेलातून पार्कात जातात. एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात थेट सहसा नाही. पार्कात जाऊन बस बदलावी लागते. सकाळी आठच्या टेबलासाठी हा द्राविडी प्राणायाम करू नका, उबर मागवा. स्वतःची गाडी असेल तर हॉटेलच्या गेटवर आरक्षण दाखवावं लागतं.

पायरी पाचवी: शाकाहाराचं काय?

घाबरण्यासारखं काही नाही, पण गाफील राहण्यासारखंही नाही. मेनूवर हिरव्या पानाचं चिन्ह दिसलं की त्या पदार्थात मांस, दूध, अंडी, मध यांतलं काहीच नाही असं समजा. ज्यांना दूध चालतं पण अंडं नाही, म्हणजे आपल्याकडची अर्धी मंडळी, त्यांच्यासाठी वेगळं चिन्ह नाही. अमेरिकेत शाकाहारी म्हणजे अंडं चालतं हे गृहीतच असतं. मिकीच्या तोंडाच्या आकाराच्या वॉफलमध्ये अंडं असतं. पॅनकेकमध्येही. गोडात, विशेषतः मार्शमॅलो आणि थरथरणाऱ्या पुडिंगात, जिलेटिन असू शकतं, आणि ते जनावराचं असतं.

म्हणून बुकिंग करतानाच आहाराच्या रकान्यात लिहा आणि टेबलावर बसल्या बसल्या वेटरला पुन्हा सांगा. "आय अ‍ॅम व्हेजिटेरियन" एवढ्याने भागत नाही. "नो मीट, नो फिश, नो एग, मिल्क इज ओके" असं सुटं सुटं सांगा. कांदा-लसूण चालत नसेल तर तेही. बऱ्याचदा शेफ स्वतः टेबलाशी येतो किंवा बुफेवर बरोबर फिरून काय चालेल ते दाखवतो, आणि आतून वेगळं काही करून आणतो. या बाबतीत ही मंडळी खरंच मनापासून करतात. बुफेवर बेकनचा चिमटा बटाट्यांत घालणारे पाहुणे असतातच. ज्यांना ते खटकतं त्यांनी आतून वेगळी प्लेट मागावी किंवा डिश मागवायची पद्धत असलेलं ठिकाण निवडावं.

आणि घरात कुणाला चमचमीत खाणं हेच महत्त्वाचं असेल, कॅरेक्टर नाही, तर अ‍ॅनिमल किंगडम लॉज हॉटेलातल्या सना रेस्टॉरंटला जा. तंदुरी रोट्या-नानांची टोपली, बरोबर चटण्यांची रांग, आणि खिडकीबाहेर चरणारे जिराफ. मिकी नाही येत. जिराफ येतात.

पायरी सहावी: हिशेब

डिस्नीच्या हिशेबात तीन वर्षांखालचं मूल फुकट, तीन ते नऊ वर्षांचं लहान, आणि दहावा वाढदिवस झाला की मोठं. दहा वर्षांची चिमणीएवढं खाणारी मुलगी आणि तिचा काका, दर सारखाच. दर ठिकाणाप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे बदलतात. मोठ्या माणसामागे साधारण ४५ डॉलरपासून ८५ डॉलरपर्यंत धरून चाला. दिसणाऱ्या दरात कर आणि टिप नसते.

एक उदाहरण मांडू. आई, बाबा, आजी, आजोबा, सात वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा. ब्रेकफास्टचा दर मोठ्यांना ५५ आणि लहानांना ३५ डॉलर धरला तर चौघांचे २२०, मुलीचे ३५, धाकट्याचे शून्य: २५५. त्यावर ६.५ टक्के विक्रीकर, साडेसोळा डॉलर. सहा किंवा जास्त जणांचं टेबल असलं की १८ टक्के टिप बिलातच लागते, म्हणजे आणखी सेहेचाळीस. एकूण ३१७च्या आसपास. टिप आधीच लागलेली असते हे न पाहता वर पुन्हा टिप देणारे बरेच असतात. सही करण्याआधी बिल वाचा. आजींना हा आकडा रुपयांत सांगू नका, त्या चमचा खाली ठेवतील.

एवढ्यावरून लक्षात येईल की पाच-सहा दिवसांच्या सहलीत एक, फार तर दोन कॅरेक्टर जेवणं पुरेत. दोन घेतलीत तर एक मिकी मंडळींचं आणि एक राजकन्यांचं किंवा पूचं घ्या. दोन्हीकडे तोच मिकी भेटला की मुलंसुद्धा "अच्छा, हाच का" असा चेहरा करतात. डिस्नीच्या हॉटेलात राहून डायनिंग प्लॅन (जेवणांचे पैसे आधीच भरून क्रेडिट घ्यायची सोय) घेतला असेल तर सिंड्रेलाच्या टेबलाला एका जेवणाचे दोन क्रेडिट जातात, हे लक्षात ठेवा.

पायरी सातवी: बुकिंग

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. डिस्नीच्याच हॉटेलात उतरणार असाल तर मुक्कामाच्या पहिल्या दिवसाच्या ६० दिवस आधी पुढच्या १० दिवसांपर्यंतची सगळी टेबलं एका दमात घेता येतात. त्यामुळे अवघड ठिकाण मुक्कामाच्या शेवटच्या दिवसांवर टाका: बाहेर उतरणाऱ्यांसाठी तो दिवस अजून उघडलेलाच नसतो. बाहेर उतरणाऱ्यांनी प्रत्येक दिवसाचे ६० दिवस वेगळे मोजायचे, बोटांवर नाही, कॅलेंडरवर.

ऑनलाइन आरक्षण पूर्व किनाऱ्याच्या सकाळी सहाच्या सुमारास उघडतं. भारतातून बुक करणार असाल तर उन्हाळ्यात दुपारचे साडेतीन, हिवाळ्यात साडेचार. न्यू जर्सीतल्या जावयाने पहाटे उठण्यापेक्षा पुण्यातल्या सासऱ्यांनी दुपारच्या चहाला हे काम उरकलं तर दोघांचंही भलं होतं. डिस्नीचं खातं आधी उघडून ठेवा, कार्डाची माहिती आधी भरून ठेवा. माणसं मोजताना तान्हं बाळही मोजा. खुर्ची नको असली तरी टेबलाच्या संख्येत ते लागतं. आठ जणांचं टेबल मिळत नसेल तर चार-चार अशी दोन शेजारच्या वेळांची घ्या आणि तिथे गेल्यावर जवळ बसवायला सांगा. करतीलच असं नाही.

नाही मिळालं तर हताश होऊ नका. वेळेत रद्द न केल्यास बहुतेक ठिकाणी माणशी १० डॉलर दंड लागतो, म्हणून बेत बदललेले लोक आदल्या संध्याकाळी आणि त्याच दिवशी सकाळी भराभर टेबलं सोडतात. बऱ्याच ठिकाणी दोन तास आधीपर्यंत रद्द करता येतं. तेव्हा अ‍ॅप उघडून बघत राहा. टोपोलिनोचं टेबल मला असंच आदल्या रात्री पावणेदहाला मिळालं, हॉटेलच्या लाँड्रीत कपडे वाळायची वाट बघताना. आपला बेत बदलला तर आपणही वेळेत सोडावं.

सगळ्यात शेवटी, जाण्याआधी आठवडाभर, त्या रेस्टॉरंटचं पान उघडून कॅरेक्टरांची नावं पुन्हा वाचा. नूतनीकरण, सण, ऋतू, काहीही कारणाने नावं बदलतात.

पायरी आठवी: टेबलावर

वीस मिनिटं आधी पोहोचा. वाढदिवस असेल तर बुकिंगमध्ये लिहा आणि मॅजिक किंगडममधल्या सिटी हॉलमधून वाढदिवसाचा बिल्ला घ्या. तो फुकट असतो, आणि तो लावलेल्या मुलाशी प्रत्येक कॅरेक्टर जरा जास्त वेळ खेळतो.

सहीची वही नेणार असाल तर जाड पेन न्या. वेषातल्या मोठ्या बोटांत बारीक बॉलपेन धरता येत नाही, गूफी बिचारा ते पाडत राहतो. वहीचं पान उघडून, टोपण काढून तयार ठेवा. घाबरट मुलाला आतल्या बाजूला, भिंतीकडे बसवा, धीटाला कडेला. फोटो काढणारा एक माणूस आधीच नेमा, नाहीतर मिकी आल्यावर चारही मोठ्यांचे फोन वर होतात आणि मिठी मारायला कुणीच उरत नाही.

बुफे असेल तर सगळे एकदम उठू नका. बसल्यावर पहिली दहा मिनिटं अंदाज घ्या: कॅरेक्टर कुठून शिरतात, कोणत्या दिशेने फिरतात. ते दोन टेबलं लांब असतील तर ताट राहू द्या. मुलं आणि एक मोठं माणूस टेबलावर, बाकीचे बुफेला, अशी पाळी लावा. आमच्याकडे मिनी आली तेव्हा आजी बुफेच्या रांगेत होत्या आणि परत आल्यावर दिवसभर "मला कुणी हाक का नाही मारली" चाललं होतं.

कुणी राहून गेलं तर वेटरला नाव सांगा: "डोनाल्ड अजून आला नाही." ते आत निरोप देतात, आणि डोनाल्ड येतो. आणि सगळे येऊन गेल्याची खात्री झाल्याशिवाय बिल मागू नका.